जीआरईचं इंग्रजी: आधी गळती शोधा, मग शब्द पाठ करा

गोव्यातल्या साखळीहून एक मुलगी माझ्याकडे यायची. सागरी विज्ञानात एमएस्सी झालेली, अमेरिकेत पीएचडीला अर्ज करायचा म्हणून जीआरई या प्रवेशपरीक्षेची तयारी चाललेली. पहिल्याच दिवशी तिने पिशवीतून चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे काढून टेबलावर ठेवले, प्रत्येकाला रबर लावलेलं. "टीचर, दोन हजार शब्द पाठ झाले. मार्क मात्र जागचे हलत नाहीत." मी गठ्ठ्यातली कुठलीही चिठ्ठी काढायची आणि तिने अर्थ सांगायचा, असं अर्धा तास चाललं. एकही चुकला नाही. मग मी तिला एक परिच्छेद दिला आणि विचारलं, लेखक जुन्या मताच्या बाजूने आहे की विरुद्ध? ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.

त्या परिच्छेदात तिला न येणारा एकही शब्द नव्हता.

आपल्याकडच्या कितीतरी मुलांचं असंच होतं. घरात कोंकणी, चौथीपर्यंतची शाळा मराठी, पाचवीपासून इंग्रजी, आणि ते इंग्रजीही परीक्षेपुरतं वाचलेलं. 'तुझे शब्द कच्चे आहेत' एवढं सांगून त्यांच्या हातात यादी दिली जाते आणि वर्ष निघून जातं. पावसाआधी कौलं परततो तेव्हासुद्धा आपण आधी आत जाऊन गळणारी जागा बघतो, मग वर चढतो. इथेही तसंच करायचं. ते कसं करायचं, हे मी मुलांना ज्या क्रमाने सांगते त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

परीक्षा द्यायची आहे का?

हे सगळ्यात आधी, कारण अमेरिकेतल्या बऱ्याच विभागांनी पीएचडी प्रवेशासाठी जीआरईची अट काढून टाकली आहे. विद्यापीठाच्या मुख्य पानावर बघू नका, तुमच्या विभागाच्या पानावर बघा. एकाच विद्यापीठात एक विभाग जीआरई मागतो आणि शेजारचा विभाग पाठवलेली गुणपत्रिकासुद्धा उघडत नाही. स्कोअर आवश्यक आहे, ऐच्छिक आहे की बघितलाच जाणार नाही, हे प्रत्येक विभागापुढे वहीत लिहून ठेवा. ऐच्छिक असेल तर माझं मत असं: तुमचं कॉलेज परदेशात कुणाला ठाऊक नसेल आणि चांगले गुण मिळवण्याची तुमची तयारी असेल, तर द्या. नुसत्या भीतीपोटी देऊ नका. तो वेळ संशोधनाच्या प्रस्तावाला द्या.

टोफेल किंवा आयईएल्टीएस ही वेगळी गोष्ट. त्या परीक्षा तुम्हाला इंग्रजी समजतं आणि वापरता येतं का, एवढं तपासतात. जीआरईचा भाषेचा भाग गुंतागुंतीच्या वाक्यातून विचार नेमका उचलता येतो का, हे तपासतो, आणि तो इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही अवघड जातो. जीआरईचे गुण ५ वर्षं चालतात, टोफेल-आयईएल्टीएसचे २ वर्षं. देशातच पीएचडी करायची असेल तर जून २०२४ पासून यूजीसी-नेटचे गुण प्रवेशासाठी धरले जातात, आणि नेटच्या पहिल्या पेपरातही उताऱ्यावरचे प्रश्न असतात. खाली उतारा वाचण्याबद्दल जे लिहिलं आहे ते तिथेही कामाला येईल.

आज परीक्षा कशी आहे

जुनी पुस्तकं वापरत असाल तर सावध राहा. विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे प्रश्न २०११ सालीच गेले. सप्टेंबर २०२३ पासून तर परीक्षाच लहान झाली, एकूण १ तास ५८ मिनिटांची, मध्ये सुट्टी नाही. भाषेचे दोन विभाग: पहिल्यात १२ प्रश्न १८ मिनिटांत, दुसऱ्यात १५ प्रश्न २३ मिनिटांत. गुण १३० ते १७० यांच्यामधले. पहिला विभाग जसा सोडवाल त्याप्रमाणे दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही.

प्रश्न तीन जातींचे. गाळलेल्या जागा, ज्यात एक, दोन किंवा तीन जागा असतात आणि सगळ्या बरोबर आल्या तरच गुण मिळतो. समार्थी वाक्यं, म्हणजे सहा पर्यायांतून असे दोन शब्द निवडायचे की दोन्हींनी वाक्याचा अर्थ एकच व्हावा. आणि उतारे. साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांवर असतात. शब्दांच्या चिठ्ठ्यांवर सगळा भर टाकणाऱ्याने हे 'निम्मे' नीट लक्षात घ्यावं.

तीन रंगांची चाचणी

ही माझ्या पद्धतीतली मुख्य पायरी. यासाठी कागदावर छापलेला २७ प्रश्नांचा संच घ्या, परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्या अधिकृत सराव साहित्यातलाच. पॉवरप्रेप नावाच्या दोन सराव परीक्षा ईटीएस संगणकावर फुकट देते. त्या इथे खर्च करू नका, पुढे लागणार आहेत.

पहिली फेरी काळ्या पेनाने. घड्याळ लावून, १८ आणि २३ मिनिटं. वेळ संपली की पेन खाली ठेवायचं. उत्तरं तपासायची नाहीत.

दुसरी फेरी निळ्या पेनाने. चहा घ्या, थोडं फिरून या, मग तेच प्रश्न पुन्हा सोडवा. या वेळी घड्याळ नाही. शब्दकोशही नाही. एका प्रश्नाला दहा मिनिटं लागली तरी चालेल. उत्तर बदलावंसं वाटलं तर निळ्याने लिहा, काळं खोडू नका.

तिसरी फेरी लाल पेनाने, दुसऱ्या दिवशी. आता शब्दकोश उघडा. अडलेला प्रत्येक शब्द बघा आणि उत्तर ठरवा. यानंतरच बरोबर उत्तरांची यादी काढा आणि तिन्ही रंगांचे गुण वेगवेगळे मोजा.

साखळीच्या त्या मुलीचे काळ्याने १३ आले, निळ्याने १७, लालने १९. म्हणजे ४ प्रश्न वेळेअभावी गेले, फक्त २ शब्द न आल्यामुळे, आणि ८ प्रश्न असे की वेळही होता, शब्दकोशही हाताशी होता आणि तरी उत्तर चुकलं. हे ८ म्हणजे वाक्य हातातून निसटण्याची गळती. चिठ्ठ्यांचे आणखी तीन गठ्ठे पाठ करून तिचे दोनच गुण वाढले असते. हे आकडे तिने स्वतःच्या हाताने मांडले, त्यामुळे मला वेगळं समजवावं लागलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे वर्षभर मी भलतंच करत होते." भलतं नव्हे. ती जी जागा लिंपत होती ती आधीच कोरडी होती, इतकंच.

तुमचे आकडे वेगळे येतील. निळ्या आणि लाल गुणांत मोठा फरक असेल तर शब्दांवर काम करा. काळ्या आणि निळ्यात असेल तर वेळेवर. लालनंतरही बरंच उरत असेल तर पुढचे दोन भाग तुमच्यासाठी आहेत, आणि माझ्या अनुभवात बहुतेकांना तेच लागतात.

पर्याय झाका आणि मराठीत शब्द ठेवा

गाळलेल्या जागेच्या प्रश्नात पर्याय आधी वाचले की डोकं त्यांच्या मागे लागतं. म्हणून पर्यायांवर हात ठेवा, वाक्य वाचा आणि रिकाम्या जागी तुमचा मराठी शब्द ठेवा. मराठीच. इंग्रजी शब्द शोधत बसलात तर जो येतो तोच ठेवाल; मराठीत तुम्हाला छटा आपोआप सापडते. कोंकणी शब्द आधी आठवला तर तोही चालेल.

वाक्याची बांधणी दिसावी म्हणून एक उदाहरण मराठीतच रचून देते:

"खाणींविषयीचा हा अहवाल आकड्यांनी गच्च भरलेला असला, तरी निष्कर्ष काढताना लेखक कमालीचे ____ आहेत; 'कदाचित', 'बहुधा', 'काही अंशी' यांच्याशिवाय त्यांचं एकही वाक्य पुढे सरकत नाही."

पर्याय: एम्फॅटिक, व्हर्बोस, टेंटेटिव्ह, प्रोफेटिक, डिरायसिव्ह.

आता सांधे बघा. 'असला, तरी' हा पहिला सांधा. पुढे जे येणार ते आकड्यांच्या गच्च भरण्याशी विसंगत असणार. अर्धविराम हा दुसरा सांधा. त्याच्यानंतरचा मजकूर रिकाम्या जागेचंच स्पष्टीकरण देतो. तिथे काय आहे? 'कदाचित, बहुधा'. तुमचा शब्द झाला 'सावध' किंवा 'हातचं राखून बोलणारे'. हात उचला: टेंटेटिव्ह. हाताशिवाय वाचणारे इथे व्हर्बोसकडे जातात, कारण 'गच्च भरलेला' आणि 'वाक्य पुढे सरकत नाही' यांनी शब्दबंबाळपणाचा भास होतो. शब्द माहीत असून चूक होते ती अशी.

इंग्रजीतले सांधे थोडेच आहेत, तेवढे हाडीमासी भिनवा. ऑल्दो, डिस्पाइट, यट, हाउएव्हर आले की दिशा उलटणार. इंडीड, मोअरओव्हर, अर्धविराम, अपूर्णविराम (:) आले की तीच दिशा आणखी घट्ट होणार. फार फ्रॉम, एनीथिंग बट हे नकार आहेत, पण 'नॉट' त्यांत दिसत नाही, म्हणून ते निसटतात. दोन-तीन जागा असतील तेव्हा पहिल्या जागेपासूनच सुरुवात केली पाहिजे असं नाही. ज्या जागेजवळ भक्कम सांधा आहे ती आधी भरा.

समार्थी वाक्यांत सापळा वेगळा असतो. "नवा अधिकारी हेकट असेल असं गावकऱ्यांना वाटलं होतं; प्रत्यक्षात तो इतका ____ निघाला की पहिल्याच बैठकीत त्याने दोन मागण्या मान्य केल्या." पर्याय: ऑब्स्टिनेट, अकॉमोडेटिंग, इन्ट्रॅक्टेबल, टॅसिटर्न, ऑब्लायजिंग, एरुडाइट. ऑब्स्टिनेट आणि इन्ट्रॅक्टेबल ही समानार्थी जोडी समोर चमकते, दोन्हींचा अर्थ हेकट. पाठांतर केलेला मुलगा जोडी दिसली की टिक करून मोकळा होतो. पण तुम्ही आधीच 'नमतं घेणारा' असा शब्द ठेवला असेल तर अकॉमोडेटिंग आणि ऑब्लायजिंगच उरतात. ऑब्लायजिंग कुणाला परका वाटत असेल, तर गोव्यातली म्हातारी माणसं आभार मानताना अजून 'ओब्रिगाद' म्हणतात ते आठवा. मूळ एकच.

शब्द: थोडे, पण पक्के

तीन हजार अर्धवट शब्दांपेक्षा सातशे पक्के शब्द मला बरे वाटतात. पक्का म्हणजे काय, हे तपासायला स्वतःला तीन गोष्टी विचारा. अर्थ मराठीत सांगता येतो का? शब्द स्तुतीचा आहे की निंदेचा? आणि तो कुणाबरोबर येतो, माणसाबरोबर, मताबरोबर की वस्तूबरोबर? तिन्हींना उत्तर असेल तरच चिठ्ठी पुढच्या खोक्यात.

दुसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त चुका होतात. फ्रुगल म्हणजे काटकसरी आणि पार्सिमोनिअस म्हणजे चिक्कू. यादीत दोन्हींपुढे 'कमी खर्च करणारा' असं लिहिलेलं असतं. आपल्या आजीला काटकसरी म्हटलं तर ती हसेल, चिक्कू म्हटलं तर आठवडाभर बोलणार नाही. मराठीत ही छटा आपल्याला जन्मापासून येते, तिचा उपयोग करा. ऑब्सीक्विअस पुढे 'आज्ञाधारक' लिहू नका, 'लाळघोट्या' लिहा. इक्विव्होकेट पुढे 'गुळमुळीत बोलणं'. प्रॉडिगल पुढे 'उधळ्या', आणि शेजारीच प्रॉडिजस पुढे 'अफाट', कारण हे दोन एकमेकांच्या जागी बसून फसवतात. डिसइंटरेस्टेड म्हणजे निःपक्षपाती. ज्याला रस नाही तो अनइंटरेस्टेड. एनर्व्हेट ऐकायला उत्साही वाटतो, अर्थ मात्र शक्ती काढून घेणं.

याहून धोकादायक ते रोजचे शब्द, जे आपल्याला येतात असंच आपण धरून चालतो. मी स्वतः विद्यार्थी असताना 'क्वालिफाइड प्रेज' याचा अर्थ 'पात्र माणसाने केलेली स्तुती' असा लावला होता आणि एक अख्खा उतारा उलटा वाचला होता. क्वालिफाय म्हणजे इथे मर्यादा घालणं. ती हातचं राखून केलेली स्तुती होती. त्या वेळी मी ज्या क्लासला जात होते तिथल्या जाडजूड यादीत हा शब्द नव्हताच, कारण तो सोपा समजला गेला. असे शब्द वेगळ्या पानावर गोळा करा: अरेस्ट म्हणजे रोखणं, टेंपर म्हणजे सौम्य करणं, फ्लॅग म्हणजे दमून मंदावणं, वाँट म्हणजे उणीव, चॅम्पिअन म्हणजे एखाद्या मताची बाजू हिरिरीने घेणं, पार्शल म्हणजे पक्षपाती, डिस्क्रिमिनेटिंग म्हणजे चोखंदळ, पेडेस्ट्रिअन म्हणजे सामान्य वकुबाचं, रटाळ. वाचताना ओळखीचा शब्द वाक्यात नीट बसत नाहीसा वाटला की थांबा. तो शब्द या पानावर जायला पाहिजे.

शब्दांच्या मुळांच्या, म्हणजे धातूंच्या, बाबतीत मराठी वाचकाकडे एक ठेवा आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, आणि १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने नोंदवलं की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. पुढे ज्याने मराठीत ख्रिस्तपुराण रचलं तोच हा माणूस. संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्स याने कोलकात्यात हीच गोष्ट सांगितली ती १७८६ साली, दोनशे वर्षांनी. हे नातं आज चिठ्ठ्यांवर वापरता येतं. आपला 'ज्ञ' अॅग्नॉस्टिकमध्ये आहे, कॉग्निझंटमध्ये आहे, प्रोग्नॉसिसमध्ये आहे. 'पद' पेडेस्ट्रिअनमध्ये तर आहेच, पण इम्पीडमध्येही आहे, पायात खोडा घालणं. 'जन्' बघा: प्रोजेनी म्हणजे जवळजवळ अक्षरशः 'प्रजा', आणि कंजेनिटल म्हणजे 'सह' अधिक 'ज', सोबत जन्मलेलं, म्हणजे आपला 'सहज'. आपण रोज वापरतो ती चावी पोर्तुगीजांकडून आली, तिच्या मुळाशी लॅटिन क्लाविस. कॉन्क्लेव्ह आणि एन्क्लेव्ह यांनाही तीच किल्ली लागते. पण धातूवरून अर्थ ठरवू नका, फक्त लक्षात ठेवायला त्याचा आधार घ्या. पेडॅगॉजीतला 'पेड' पाय नव्हे, ते ग्रीकमधलं मूल आहे.

उजळणीसाठी पाच खोकी करा. नवी चिठ्ठी पहिल्या खोक्यात, ते रोज बघायचं. बरोबर आलेली पुढच्या खोक्यात, आणि पुढची खोकी दोन, चार, आठ, सोळा दिवसांनी उघडायची. चुकलेली चिठ्ठी, कितव्याही खोक्यातली असो, परत पहिल्यात. फोनवर अँकी हे अॅप वापरलंत तर हा हिशेब तेच करतं. चिठ्ठीच्या एका बाजूला एकटा शब्द लिहू नका. जिथे तो भेटला ते वाक्य लिहा.

उतारा: लेखक काय करतो आहे

उतारा वाचताना 'यात काय सांगितलं आहे' हा प्रश्न पुरत नाही. प्रत्येक वाक्याला विचारा, लेखक इथे काय करतो आहे? हाही सराव आधी मराठीत करून बघा. सरावासाठी रचलेला हा छोटा उतारा (खाजन म्हणजे बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन, बार्ज म्हणजे नदीतून माल नेणारं सपाट जहाज):

"गोव्यातल्या खाजन जमिनींचे बांध का फुटतात, याचं उत्तर काही अभ्यासक भरतीच्या वाढत्या जोरात शोधतात. बार्जच्या लाटांनी बांध खचतात, हेही खरं. मात्र एकाच नदीवरचे, सारखाच मारा सोसणारे दोन बांध पाहिले तर एक टिकतो आणि दुसरा वाहून जातो. हा फरक पाण्याने पाडलेला नसावा. जिथे बांधाची देखरेख करणारी गावची व्यवस्था मोडली तिथे चिखल लिंपायचं कामही थांबलं, हे ध्यानात घेतलं तर निदान काही ठिकाणी तरी कारण नदीत नसून गावात असण्याची शक्यता आहे."

कडेला चार टिपणं होतात: इतरांचं मत. एक गोष्ट मान्य. अडचण. स्वतःचं मत, जपून. एवढं हातात आलं की निम्मे प्रश्न सुटतात. आता तीन विधानं बघा, यांतली लेखकाला कोणती मान्य होतील?

बांध फुटण्याशी भरतीचा संबंध नाही. हे चूक, कारण लेखक 'निदान काही ठिकाणी' म्हणतो. उताऱ्यापेक्षा जोरात बोलणारा पर्याय जवळजवळ नेहमी सापळा असतो. ऑलवेज, ओन्ली, नेव्हर दिसले की उताऱ्यात तितका जोर आहे का, ते परत जाऊन बघा.

मासळीसाठी काही बांध मुद्दाम फोडले जातात. हे आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेलं आहे, आणि म्हणूनच इथे आपला माणूस फसतो. उताऱ्यात ते कुठेच नाही. बाहेरचं ज्ञान उंबऱ्यावर ठेवून आत जायचं. स्वतःच्या विषयावरचा उतारा आला की मुलं खूश होतात, मी मात्र त्यांना तिथेच जास्त सावध राहायला सांगते. सागरी विज्ञानाची ती मुलगी समुद्रावरच्या उताऱ्यात हमखास चुकायची.

सारख्या परिस्थितीतल्या दोन बांधांची तुलना लेखकाने पुराव्यासारखी वापरली आहे. हे बरोबर. आणि समजा विचारलं, की कोणत्या माहितीने लेखकाचा युक्तिवाद कमकुवत होईल? टिकलेला बांध दगडी होता आणि वाहून गेलेला मातीचा, असं कळलं तर. कारण मग फरकाला गावाऐवजी दुसरं कारण मिळतं. युक्तिवाद कमकुवत करणारा पर्याय शोधताना लेखकाने कुठली शक्यता बघायची राहिली, हे विचारा.

'लागू असतील ते सर्व निवडा' अशा प्रश्नांत तीन पर्याय असतात आणि सगळे बरोबर निवडले तरच गुण मिळतो. त्यांना तीन वेगळे हो-नाहीचे प्रश्न समजा, एकमेकांशी तुलना करू नका. ही सवय लागत नसेल तर काही दिवस आयईएल्टीएसच्या शैक्षणिक वाचनाचे प्रश्न सोडवा. त्यात 'खरं', 'खोटं' आणि 'उताऱ्यात दिलेलं नाही' असे तीन पर्याय असतात. खोटं आणि दिलेलं नाही यांतला फरक ज्याला स्पष्ट झाला, त्याचे जीआरईचे उतारेही सुधारतात.

रोजच्या वाचनाला पर्याय नाही. रोज एक लांब इंग्रजी लेख, आणि आठवड्यातले चार दिवस आपल्या विषयाबाहेरचा: विज्ञानवाल्याने कलेचा इतिहास किंवा न्यायशास्त्र, कलाशाखेच्या मुलाने पेशी किंवा भूगर्भ. पणजीत पाटो भागातल्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात बसून वाचण्यासारखी जागा आहे. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय, मुलांना मी मुद्दाम तिकडे पाठवते, कारण तिथे फोन खिशात राहतो. जाता-येता पणजी-मडगाव शटलमध्ये बसायला मिळालं तर एक लेख होतो. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध फुकट वाचता येतात. त्यातलं पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं प्रकरण उघडा, कारण तिथे 'अमुक असं म्हणतो, मात्र' हीच चाल पानोपानी असते.

चुकांची वही

प्रत्येक चुकलेल्या प्रश्नामागे एक ओळ. शब्द आला नाही तर 'श'. सांधा दिसला नाही तर 'स'. उताऱ्यात नव्हतं ते मी आत घातलं तर 'बा', बाहेरचं. घाईने चुकलं तर 'घ'. पुढे पाच-सात शब्दांत, नेमकं काय झालं ते. 'सिली मिस्टेक' असं लिहायला माझ्याकडे बंदी आहे, त्यातून काही कळत नाही. दर रविवारी अक्षरं मोजा. पुढच्या आठवड्याचं काम त्यावरून ठरवा.

वेळेचा हिशेब

एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट येतं, पण सगळ्यांना सारखा वेळ देऊ नका. एका जागेचा प्रश्न पाऊण मिनिटात व्हायला पाहिजे. वाचलेला वेळ उताऱ्यांना. विभागाच्या आत मागे-पुढे जाता येतं आणि प्रश्नावर खूण करून ठेवता येते, तेव्हा आधी गाळलेल्या जागा आणि समार्थी वाक्यं, मग उतारे. प्रत्येक प्रश्नाला गुण सारखाच आहे. तीन जागांच्या एका राक्षसाशी चार मिनिटं झुंजू नका.

तारीख, नाव आणि वीज

बऱ्याच अमेरिकी विभागांच्या पीएचडी अर्जांची मुदत डिसेंबरमध्ये असते. अधिकृत गुण यायला ८ ते १० दिवस लागतात, आणि दोन प्रयत्नांत किमान २१ दिवसांचं अंतर लागतं. १२ महिन्यांत जास्तीत जास्त ५ वेळा बसता येतं. म्हणून मृग लागताना तीन रंगांची चाचणी घ्या, चवथीचा आठवडा हिशेबातून आधीच वजा करा, कारण घर पाहुण्यांनी भरलेलं असताना अभ्यास होत नाही, आणि पहिली परीक्षा ऑक्टोबरमध्ये ठेवा. गरज पडली तर दुसरी नोव्हेंबरमध्ये बसते. पॉवरप्रेपची एक परीक्षा ऑगस्टअखेर द्या, दुसरी मुख्य परीक्षेच्या दहा दिवस आधी, परीक्षेच्या नेमक्या वेळेला.

नोंदणीचं नाव पासपोर्टावरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. गोव्यात हे जपून बघावं लागतं. नाईक, गावकर, देसाई अशी आडनावं जुन्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाने लिहिलेली असतात, दहावीच्या दाखल्यावर इंग्रजी वळणाने, आणि पासपोर्टावर कधी एक, कधी दुसरं. पासपोर्ट समोर ठेवूनच अर्ज भरा. पदवीच्या कागदांवर वेगळं असेल तर त्याची दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र जूनमध्येच हाती घ्या.

परीक्षा घरूनही देता येते. खोलीत एकटं असावं लागतं, दार बंद, हेडफोन चालत नाही, कान दिसले पाहिजेत, साधा कागद चालत नाही. छोटा व्हाइटबोर्ड किंवा पारदर्शक पाकिटात घातलेला कागद चालतो. टॅबलेट किंवा फोनवर देता येत नाही. पण आपल्याकडे पावसात वीज किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. घरून देणार असाल तर पाऊस ओसरल्यावरची तारीख घ्या, राउटर इन्व्हर्टरवर आहे का ते मेन स्विच बंद करून प्रत्यक्ष बघा, आणि घरच्यांना दोन दिवस आधी सांगा की त्या दोन तासांत दारावर टकटक करायची नाही, हाकही मारायची नाही. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावात राहत असाल आणि नेटवर्क डोंगरावर अवलंबून असेल, तर प्रवास करावा लागला तरी केंद्रावरच जा.

परीक्षा संपताच भाषा आणि गणिताचे अनधिकृत गुण पडद्यावर दिसतात. ते कमी आले तरी त्याच रात्री पुन्हा नोंदणी करू नका. दुसऱ्या दिवशी नवा कागदी संच घ्या आणि तीन पेनं काढा. साखळीच्या मुलीने पहिल्या प्रयत्नानंतर तेच केलं. काळ्याने १९, निळ्याने २१, लालने २४. लालनंतर उरलेले ८ आता ३ झाले होते, आणि शब्दांमुळे जाणारे २ चे ३. तेव्हा मी तिला म्हटलं, आता तुझे ते गठ्ठे परत काढ.